डबीतला परसाद

साळुबाईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि घराची घडी विस्कटली. महिनाभर वाकायचं नाही, चुलीच्या धुरात बसायचं नाही, जड काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नातीला न उचलता कसं सांभाळायचं, ते मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं. नातीचं नाव संस्कृती, हाक मारायला संस्कू. नुकती भिंत सोडून पावलं टाकायला लागलेली, दाढा फुटत असल्यानं सदान्कदा किरकिरणारी आणि दिसेल ते तोंडात कोंबणारी.

जानेवारीत आण्याच्या पठारावर बायांना काम नसतं. बाजरी केव्हाच निघालेली असते, विहिरींचा तळ दिसायला लागलेला असतो. मग बायांच्या टोळ्या भल्या सकाळी पिकअपमध्ये दाटीवाटीनं बसून घाट उतरतात आणि ओतूरच्या बाजूला कांद्याच्या लागणीला जातात. तिकडं कालव्याचं पाणी आहे. साळुबाईची सून रत्ना आणि लेक अक्षदा, दोघी अशाच एका टोळीत होत्या.

"पोरीला संगं न्यावं लागंल," रत्ना म्हणाली.

"वावरात? खाली उसात वाघ हाय, म्हाईत हाय ना?" साळुबाई डोळ्यावरचा काळा चष्मा सावरत म्हणाली. बिबट्याला तिकडं वाघच म्हणतात, आणि त्याचं आता कुणाला नवल राहिलेलं नाही.

"म्हणून तर बांधावर झोळी बांधायची नाय. आमच्या मधीच ठिवू."

रत्नाचा नवरा समाधान दुधाचा टेम्पो चालवायचा. त्यानं टोमॅटोचं एक क्रेट आणलं, घासून धुतलं, आत गोधडी घातली. क्रेटला दोन्ही बाजूंना हात घालायला खाचा असतात. काम पुढं सरकलं की एका बाजूनं रत्ना धरायची, दुसऱ्या बाजूनं तिची नणंद अक्षदा, आणि पोर बसल्याजागी उचलून दोघी पुढच्या वाफ्याच्या वरंब्यावर ठेवायच्या. संस्कूला हे उचलणं भारी आवडायचं. तेवढ्यापुरती ती रडायची थांबायची.

अक्षदा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. कॉलेज ओतूरलाच, त्यामुळे लागणीच्या दिवसांत पिकअप रोज कॉलेजच्या फाटकावरूनच पुढं जायची आणि ही स्कार्फ नाकावर ओढून दुसरीकडं बघायची. वहिनीवर तिचा जीव होता. रत्ना या घरात आली तेव्हा अक्षदा शाळेत होती, आणि तिच्या वेण्या घालण्यापासून कॉलेजसाठी घरात भांडण्यापर्यंत सगळं रत्नानंच केलं होतं. नणंद-भावजयीच्या गोष्टी लोक सांगतात, तसलं त्या घरात काही नव्हतं.

टोळीची मुकादमीण भागू. पन्नाशीची, अंगानं काटक, तोंडानं तिखट. मालकाशी एकराचं उक्तं, म्हणजे एकरामागची मजुरी, तीच ठरवायची आणि मग दिवसभर पोरींच्या मागं लागायची. टोळीत तिनं तरण्या पोरीच जास्त घेतल्या होत्या, कारण त्यांचे गुडघे अजून कुरकुरत नाहीत, असं ती तोंडावर सांगायची.

कांद्याची लागण बांधावरून बघणाऱ्याला सोपी वाटते. ओल्या वाफ्यात उकिडवं बसायचं, डाव्या हातात रोपांची जुडी धरायची, उजव्या अंगठ्यानं एकेक मूळ चिखलात दाबायचं आणि बसल्या बसल्या मागं सरकायचं. आधी अंगठ्याचं नख ठणकायला लागतं, मग पोटऱ्या भरून येतात, आणि न्याहारीपर्यंत कंबर कुणा दुसऱ्याचीच वाटायला लागते. त्यात महिन्याचे दिवस असले तर विचारूच नका. त्या दिवसांचं कुणी बोलत नाही, सुट्टीही कुणी देत नाही.

म्हणून न्याहारी झाली की भागू कमरेची डबी काढायची. मिश्रीची जुनी पत्र्याची डबी, आत काळपट हिरव्या गोळ्या. पाला वाटून, गूळ आणि बडीशेप घालून मठातला बाबा त्या वळून द्यायचा.

"परसाद घ्या गं," भागू म्हणायची, आणि पोरी चिखलाचे हात परकराला पुसून तळवे पुढं करायच्या.

त्यातल्या एकीला जरी कुणी विचारलं असतं, की बाई, तू भांग खातेस का, तर तिनं पायातली चप्पल काढली असती. चिलमीत घालून ओढतात तो गांजा. तो वाया गेलेल्या गड्यांचा धंदा. ही गोळी महादेवाची. झाडाचा पाला, त्यात वाईट ते काय असणार? शिवाय राबणाऱ्या बाईला ती चढतच नाही, सगळी घामावाटं निघून जाते, असं भागू छातीठोकपणे सांगायची. गोळी घेतली की तासाभरात कंबर हलकी व्हायची, पोरी उगाच हसायच्या, आणि वाफे पटापट उरकायचे. एवढा पुरावा त्यांना पुरे होता.

अक्षदाचं ज्ञान आणखी पुढं गेलेलं. तिच्या फोनवर एक गोरापान माणूस सांगायचा, की ही वनस्पती औषधी आहे आणि बाहेरच्या देशात डॉक्टरसुद्धा लिहून देतात. भागूचा महादेव आणि फोनमधला माणूस, दोघांचं एकमत झाल्यावर शंका घ्यायची कुणी? कॉलेजात व्यसनमुक्तीचं पथनाट्य बसवलं होतं, त्यात अक्षदानं दारुड्याच्या बायकोचं काम केलं होतं आणि खरं रडली होती. पाठीमागच्या पोस्टरवर बाटली होती, चिलीम होती, गटारात पडलेला गडी होता. बाई एकही नव्हती. ते सगळं आपल्यालाही लागू आहे, असं तिच्या डोक्यात कधी आलंच नाही.

टोळीत डबीला हात न लावणारी एकटी रत्ना. पहिल्याच दिवशी भागूनं डबी पुढं केली तेव्हा तिनं जेवणाचा डबा खटकन लावला होता.

"माझा बाप बी परसादच म्हणायचा," ती म्हणाली होती. "मठात बसून बसून आमचं वावर गेलं, बैल गेलं, मग त्यो गेला. मला वास बी नको त्याचा."

"अगं, तुझा बाप जानकू ओढायचा. ही खायाची हाय," भागू म्हणाली.

"झाड येकच ना, मावशी."

पोरी तोंडावर हात ठेवून हसल्या. अक्षदाही हसली. वहिनी जुन्या वळणाची आहे, बापाचं दुःख डोक्यात घेऊन बसली आहे, असं तिला तेव्हा वाटलं.

त्या दिवशी सकाळी धुकं होतं आणि चिखल हाडाला लागत होता. मालकाच्या पंपाला दुपारनंतर वीज नव्हती, म्हणून वाफे सकाळीच भिजवून ठेवलेले. ते सुकायच्या आत रोप लागलं पाहिजे म्हणून मालक स्वतः बांधावर येऊन उभा राहिला होता. साक्षी नावाची टोळीतली सगळ्यात लहान पोर रोपांचं पोतं ओढायला गेली आणि मागं सरकली. पोत्याखालून एक काळा, पांढऱ्या कड्यांचा साप निघाला आणि सावकाश उसात शिरला.

"मण्यार," भागू म्हणाली. तिनं काठीनं जागा आपटली, बाकीची पोती हलवून बघितली. "गेली. चला, हात चालवा."

संस्कूची किरकिर पहिल्या वाफ्यालाच सुरू झाली. गालफाड सुजलं होतं, लाळ गळत होती. रत्नानं दोनदा काम सोडून अंगावर घेतलं. पोर चोखायची, मध्येच चावायची आणि पुन्हा टाहो फोडायची. क्रेटमध्ये ठेवली की दोन्ही हातांनी कड धरून उभी राहायची. रत्नाचा वाफा मागं पडला. शेजारच्या पोरी संपवून पुढं गेल्या, आणि मधोमध रत्नाचा तेवढा उघडा पट्टा राहिला.

"भागूबाई," मालक बांधावरून म्हणाला, "तुमच्याकडं लागणीची टोळी हाय का बालवाडी?"

भागूला असलं बोलणं झोंबायचं. ती चिखलातून तरातरा रत्नापाशी आली. "हे बघ रत्ना, पोरीला उद्या घरी ठिव. नायतर तू बी घरीच ऱ्हा. तुझ्यापाई सगळ्यांची लाज जाती."

रत्ना अंगठा चिखलात दाबत राहिली. तिच्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलं होतं आणि चिखलात रक्ताचा बारीक धागा दिसत होता. अक्षदाला ते बघवेना.

"आण गं, मी घेते तिला," ती म्हणाली आणि पोरीला उचलून वाफ्याच्या टोकाला, पाण्याच्या कॅनपाशी घेऊन गेली.

अक्षदा गोळी सगळी खायची नाही. अर्धी दुपारनंतरसाठी स्कार्फच्या गाठीत बांधून ठेवायची. ती अर्धी आत्ता गाठीत होती. संस्कू खांद्यावर डोकं आपटत रडत होती, आणि अक्षदाला घरची सहाण आठवली. पोर झोपत नसली की आई जायफळ उगाळून चाटवायची. दात येताना आणखी काय काय उगाळायची. पठारावरचं कुठलं पोर गुटीवाचून वाढलंय? मग हा तर परसाद. तिनं बाटलीच्या झाकणात दोन थेंब पाणी घेतलं, त्यात गोळीचा तुकडा बोटानं कालवला आणि बोट पोरीच्या हिरड्यांवरून फिरवलं.

गुळाची गोडी लागली. संस्कूनं बोट घट्ट धरलं आणि चोखलं. अक्षदा हसली. पोरीनं आणखी मागितलं, तेव्हा तिनं झाकणातलं उरलेलंही चाटवलं आणि झाकण कॅनच्या पाण्यानं धुऊन टाकलं.

थोड्या वेळानं पोर शांत झाली. क्रेटमध्ये बसून ती आपल्याच हाताकडं बघत राहिली, मग खुदकन हसली, मग गोधडीवर कलंडली.

"बघ, किती गुणाची," भागू जाता जाता म्हणाली.

रत्नाचा हात आता सुटला. मागं पडलेला वाफा तिनं भरून काढला, आणि पुढच्या वाफ्यात तर ती साक्षीच्याही पुढं गेली. कित्येक दिवसांनी ती मान वर करून अक्षदाकडं बघून हसली. "तुमच्या हातात जादू हाय, ताई," ती म्हणाली. अक्षदाला इतकं बरं वाटलं, की आपण वहिनीचं काहीतरी मोठं काम केलं असं समजून ती दुप्पट जोरानं रोपं दाबायला लागली.

दुपारच्या भाकरीच्या आधी क्रेट उचलायला दोघी वाकल्या. क्रेट उचललं आणि संस्कूची मान कडेला लोंबली.

"संस्कू," रत्ना म्हणाली. क्रेट खाली ठेवून तिनं पोरीला उचललं. हात लोंबले, पाय लोंबले. डोळे अर्धवट उघडे, लालसर, पण बघत कुणाकडंच नव्हते. रत्नानं गालावर चापट्या मारल्या, तोंडावर पाणी मारलं. पोर कण्हली आणि पुन्हा तशीच पडली.

सगळ्या भोवती जमल्या. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं ऊन लागलं. साक्षीचा चेहरा पांढरा पडला. "मावशी," ती भागूला म्हणाली, "सकाळची मण्यार."

मग पुढं कुणी काही विचारलं नाही. मण्यारीचा दंश दिसत नाही, माणूस झोपल्यागत होतं आणि जातं, हे त्या भागात लहान पोरालाही माहीत आहे. रत्नानं पोरीचे कपडे काढून अंग धुंडाळलं. चिखलाचे डाग पुसून पुसून बघितले. पायाच्या घोट्याजवळ डास चावल्याचा एक लाल ठिपका होता, तोच दंश ठरला. कुणीतरी वर चिंधी बांधली. मालकानं पिकअप काढायला सांगितली आणि समाधानला फोन लावला.

पिकअपच्या मागच्या हौद्यात रत्ना पोरीला छातीशी धरून बसली होती. दर खड्ड्याला ती पोरीच्या नाकापुढं बोट धरायची. एकदा तिनं पोरीच्या तोंडाजवळ तोंड नेलं, तशीच थांबली, आणि मग मान वर करून समोरच्या फळीकडं बघत राहिली.

अक्षदा स्कार्फची रिकामी गाठ चाचपत होती. साप असेल, ती मनाला सांगत होती. साक्षीनं पाहिला ना साप. परसादानं असं होत नाही. आपण रोज खातो, आपल्याला कधी झालं? आणि लगेच दुसरं मन म्हणत होतं, की तू एवढी मोठी, आणि ती एवढीशी. शेवटी तिनं भागूच्या कानाशी तोंड नेलं.

"मावशी, मी तिला अर्धी गोळी चाटवली."

भागूनं वळून बघितलं नाही. फक्त अक्षदाचं मनगट पकडलं आणि असं आवळलं, की बांगडी रुतली. "गप ऱ्हा," ती ओठ न हलवता म्हणाली. "परसादानं कुणी मरत नाय. मण्यारच हाय ती. तोंड उघडलंस तर सगळ्या पोरींना पोलीस नेतील. तुझं लगीन व्हायचंय अजून."

ओतूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, वयानं रत्नापेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी पोरीला टेबलावर घेतलं, डोळ्यांत बॅटरी मारली, छातीला नळी लावली, नखांखाली दाबून बघितलं. नर्सनं नाकाशी ऑक्सिजन धरला.

"साप तिच्याजवळ कुणी पाहिला?"

"जवळ नाय, पोत्याखाली व्हता," भागू म्हणाली. "पोर तिथंच व्हती."

"वावरात औषध फवारलं होतं का? कुठली बाटली तोंडात घातली?"

"न्हाई."

"घरातलं काही दिलं? खोकल्याचं, झोपेचं, गुटी?"

"काय नाय दिलं," भागूच पुन्हा म्हणाली.

डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. "मण्यार असेल तर पापण्या पडतात, ते दिसतंय. पण डोळे एवढे लाल का, नाडी एवढी पळतेय का, ते जुळत नाही."

तेवढ्यात समाधान आला. दुधानं डागाळलेला शर्ट, पायात एकच चप्पल. टेबलावरच्या पोरीकडं बघून तो दारातच थांबला.

"लस द्या, डॉक्टर," तो म्हणाला. "मण्यारीची लस असती ना. माझ्या मामाला उशीर झाला व्हता. तुमी द्या."

"देता येते. पण लहान मूल आहे, तिला त्याची रिअ‍ॅक्शन येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. सापच असेल तर न देणं धोक्याचं, साप नसेल तर देणं धोक्याचं. म्हणून मी पुन्हा विचारते, नक्की काय झालं?"

खोलीत ऑक्सिजनचा बारीक आवाज येत होता. रत्ना टेबलाच्या कडेला पोरीचा पाय धरून उभी होती. ती डॉक्टरांकडं बघत नव्हती, भागूकडं बघत नव्हती. ती अक्षदाकडं बघत होती.

"मला अंदाजावर थांबता येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि नर्सकडं वळल्या. "लस काढा, आणि रिअ‍ॅक्शनची इंजेक्शनं हाताशी ठेवा."

नर्सनं कपाट उघडलं. बाटल्या काढून ट्रेमध्ये मांडल्या. मनगटावरची भागूची पकड आणखी घट्ट झाली. अक्षदाच्या डोळ्यांपुढं आई आली, दादा आला, आजवर तिला बघायला येऊन चहा-पोहे खाऊन गेलेले पावणे आले, कॉलेजचं फाटक आलं. पण ट्रे टेबलाशी आला, आणि नर्सनं पोरीचा इवलासा हात सरळ केला.

"साप न्हाई," अक्षदा म्हणाली. आवाज फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हणाली. "डॉक्टर, साप न्हाई. मी दिलं. भांगेची गोळी, अर्धी. गुटीसारखी चाटवली. रडत व्हती म्हणून."

भागूनं मनगट सोडलं आणि ती दोन पावलं मागं सरकली, जणू ही पोर कोण तिला माहीतच नाही.

"किती वाजता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्या चिडल्या नाहीत, हेच अक्षदाला जास्त लागलं. "न्याहारीनंतर? त्यात आणखी काय होतं? नक्की?" सगळं विचारून त्यांनी नर्सला ट्रे मागं न्यायला सांगितलं. "आता हिला झोपेतून बाहेर येईपर्यंत सांभाळायचं. श्वास बघत राहायचं. कमी वाटला तर पुण्याला हलवू. आणि पोलिसांना मला कळवावं लागेल."

समाधाननं बहिणीवर हात उगारला. तो तसाच वर राहिला आणि मग त्यानं तो स्वतःच्याच तोंडावर मारून घेतला. "तू शिकलेली ना गं," एवढंच तो म्हणाला आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला.

रत्नानं पोरीचा पाय सोडला नाही. घोट्याची चिंधी मात्र सोडून टाकली.

संस्कू दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं दवाखान्याच्या जाळीतून आत आल्यावर जागी झाली. आधी तिनं नाकाची नळी ओढली, मग तोंड वाकडं केलं आणि भुकेनं टाहो फोडला. कालपर्यंत ज्या रडण्याला सगळे वैतागले होते, ते ऐकून समाधान भिंतीला डोकं टेकून लहान पोरागत रडला. रत्नानं पोरीला पदराखाली घेतलं.

अक्षदा दाराशी उभी होती. आत यावं की नाही, तिला कळत नव्हतं.

"मला वास आला व्हता," रत्ना पोरीच्या केसांतून हात फिरवत म्हणाली. "गाडीतच. पोरीच्या तोंडाला. बापाच्या तोंडाला रोज यायचा, त्यो वास मी इसरंन का? पण मनाला म्हणलं, नाय. आपल्या घरातलं माणूस आसं करायचं नाय. म्हणून मी बी गप ऱ्हायले." तिनं पदर सारखा केला. "तुमी आणखी घटकाभर गप ऱ्हायला आसता, तर माझी पोर तुमच्यावरच्या इस्वासानं मेली आसती."

अक्षदाला पाया पडावंसं वाटलं, पण पडायला जवळ जायला हवं होतं, आणि तेवढी हिंमत तिच्यात नव्हती.

हवालदार येऊन गेले. पोरीनं बांधावर पडलेली गोळी स्वतःच उचलून खाल्ली, असं समाधाननं सांगितलं आणि ते तेवढ्यावर मिटलं. गावात मात्र मण्यारच चावली. भागूनंच तसं पसरवलं, आणि साळुबाईनं तिची री ओढली. लेकीचं लग्न व्हायचं होतं, तिला दुसरं काय सुचणार? येणारा-जाणारा पोरीचा घोटा बघायचा, तिथला लाल ठिपका बघून हळहळायचा. महादेवानं तारलं म्हणून साळुबाईनं काळा चष्मा लावून मठात जाऊन नारळ फोडला. अक्षदानं तो प्रसाद हातात घेतला आणि खाल्ला नाही.

घरात रत्ना तिच्याशी कामापुरतं बोलायची. भाकरी वाढायची, पाणी द्यायची. पण अक्षदा जवळ आली की पोर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घ्यायची. संस्कूला त्यातलं काय कळणार? ती आत्याकडं झेपावायची, आणि रत्ना वळून उभी राहायची.

मग एके दिवशी भागूच घरी आली. लागण संपत आली आहे, हात कमी पडतायत, पोरीला आणली तरी चालेल, असं तोंड भरून म्हणाली. पोलिसांच्या भीतीनं जुनी डबी तिनं कालव्यात टाकली होती, पण आता कमरेला नवी डबी होती. साळुबाईच्या डोळ्याला अजून औषध चालू होतं, आणि पठारावर काम नव्हतंच. रत्ना निघाली, म्हणून अक्षदाही निघाली. क्रेट रत्नानं एकटीनंच पोटाशी धरून पिकअपमध्ये चढवलं.

घाट उतरताना थंडी झोंबत होती. पोरी एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. साक्षी पोट धरून, ओठ चावून बसली होती, तिचे ते दिवस होते. भागूनं डबी काढली.

"घे, आत्ताच घे. वावरात जाऊस्तवर हलकी व्हशील."

"मावशी," अक्षदा म्हणाली, "तिला देऊ नका."

"का गं?"

"संस्कूला काय झालं व्हतं, तुमाला म्हाईत हाय."

"तिला तर मण्यार चावली व्हती ना?" साक्षीनं विचारलं. गोळी तिच्या तळव्यावर होती.

भागूनं अक्षदाकडं रोखून बघितलं. त्या बघण्यात सगळं होतं, लग्न, पावणे, पोलीस, आईचा नारळ. रत्ना समोरच्या बाजूला पोरीला घेऊन बसली होती आणि घाटाकडं बघत होती.

"मण्यार नव्हती," अक्षदा म्हणाली. "कुणीच चावलं नव्हतं. मी हीच गोळी तिला चाटवली व्हती. परसाद म्हणून. पोर मरता मरता राहिली. आन् मला ठावं व्हतं तरी दवाखान्यात मी गप बसले व्हते, लसीची सुई हाताला लागस्तवर."

साक्षी तळव्याकडं बघत राहिली. तिनं गोळी खाल्ली नाही, टाकलीही नाही, मूठ मिटून घेतली.

भागूनं डबी लावली आणि केबिनच्या काचेवर थाप मारली. घाट संपून फाटा आला होता. गाडी थांबली. "उतर," ती अक्षदाला म्हणाली. "माझ्या टोळीला आसली माणसं नको. गावभर बोंबलत फिर, जा."

अक्षदा उतरली. रस्त्याच्या कडेला उभी राहून तिनं स्कार्फ सारखा केला आणि एसटी कुठून मिळेल ते बघू लागली. गाडी सुरू होती, पण निघत नव्हती. मागच्या फळीवर कुणीतरी पाय ठेवला. रत्ना एका हातानं पोरीला धरून खाली उतरत होती, आणि मागून साक्षी तिच्या हाताशी क्रेट सरकवत होती.

"तुला कोण उतर म्हणलं?" भागू वरून म्हणाली. रत्नानं क्रेट ओढून खाली घेतलं.

पिकअप गेली. धूळ बसली. दोघी फाट्यावर उभ्या राहिल्या, मधे क्रेट. अक्षदाला बघून संस्कूनं नेहमीसारखे दोन्ही हात पुढं केले. रत्नानं पोरीला हलवून आपल्या कडेवर नीट बसवलं आणि पदर तिच्या डोक्यावरून घेतला. मग वाकून क्रेटच्या एका बाजूच्या खाचेत हात घातला.

"तिकडून धरा," ती म्हणाली. "स्टँड लांब हाय."

अक्षदानं दुसरी बाजू धरली. रिकामं क्रेट मधे घेऊन दोघी रस्त्याच्या कडेनं चालू लागल्या. पोर रत्नाच्याच कडेवर होती.